मानधनाचा हिशेब

मराठी भाषेने कलावंताच्या कमाईला एक देखणा शब्द बहाल केला आहे. मजुराला मजुरी मिळते, नोकरदाराला पगार, व्यापाऱ्याला नफा. गायक, वादक, चित्रकार, मूर्तिकार यांना मात्र मानधन मिळते. या शब्दात मानाला अग्रस्थान आहे आणि धन त्याच्या मागून काहीशा संकोचाने चालत येते. त्या संकोचाचे मूळ उदात्त आहे, यात शंका नाही. कला ही देवाची देणगी आहे आणि देणगीचे मोल करणे मनाला रुचत नाही. परंतु याच शब्दाच्या आडोशाला एक गैरसमजही सुखाने नांदत असतो. मान म्हणून हाती आलेले धन हे उत्पन्न नव्हेच, ते पाकिटातून आले आणि घरखर्चात विरून गेले, त्याचा हिशेब कोणाला आणि कशासाठी द्यायचा, असे अनेक सालस, श्रद्धावंत कलावंतांना अगदी मनापासून वाटते. शासनाला फसवावे हा त्यांचा हेतू नसतो. आपल्या कमाईला कर लागू शकतो ही कल्पनाच त्यांना शिवलेली नसते.

आयकराच्या कायद्याला मात्र शब्दाचे सौंदर्य दिसत नाही. १९६१ च्या कायद्यात ते दिसत नव्हते आणि त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली संमत केलेल्या नव्या कायद्यातही दिसत नाही. कलेच्या व्यवसायातून जे मिळाले ते उत्पन्न. त्यातून त्या व्यवसायासाठी झालेला खर्च वजा केला की उरते ते करपात्र, इतकाच त्याचा सरळ हिशेब आहे.

येथे नोकरदार आणि स्वतंत्र कलावंत यांच्यात एक भेद आहे. नीतीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे, पण त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. शाळेतील शिक्षकाचा कर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. त्याचा प्रामाणिकपणा कसोटीला लागण्याची वेळच बहुधा येत नाही. कर भरल्याचे पुण्य त्याच्या पदरी पडते खरे, पण ते बरेचसे मुख्याध्यापकांच्या कार्यालयाने त्याच्या वतीने मिळवलेले असते! स्वतंत्र कलावंताला हा आधार नाही. कोणाकडून किती मिळाले, रंगांवर, वाद्यांच्या दुरुस्तीवर, प्रवासावर किती गेले, हे त्यानेच लिहून ठेवायचे. देय कर दहा हजारांच्या पुढे जाणार असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत त्याचे हप्ते आगाऊ भरायचे. वर्ष संपल्यावर राहिलेली बाकी स्वतःच ठरवायची. कायदा त्याला ‘स्वयंनिर्धारण’ म्हणतो. शुभवर्तमानातील जकातदार नाक्यावर बसलेला असे. या माणसाचा नाका त्याच्या घरातच असतो. बसणाराही तोच आणि समोरून माल घेऊन येणाराही तोच.

म्हणूनच त्याचा खरा प्रश्न खर्चाच्या रकान्यात उभा राहतो. रंग, कुंचले, कॅनव्हास हा व्यवसायाचा खर्च, याविषयी वाद नाही. पण घरातील एका खोलीत तो चित्रे काढतो आणि रात्री त्याच खोलीत मुले झोपतात, तेव्हा भाड्याचा किती हिस्सा कलेचा आणि किती संसाराचा? मोबाइलच्या बिलाचे काय? पुण्याला प्रदर्शनासाठी गेला आणि तेथेच बहिणीकडे नामकरणविधीलाही हजेरी लावून आला, तर तो प्रवास कोणाच्या खाती मांडायचा? येथे नियम एका मर्यादेपर्यंतच सोबत करतो. पुढचे माप प्रत्येकाला आपल्या मनाशीच घ्यावे लागते. पापनिवेदनापूर्वी आपण जे आत्मपरीक्षण करतो, त्याच जातीचे हे काम आहे. तेथेही स्वतःला झुकते माप देण्याचा मोह असतो. उलटपक्षी काही अतिकोमल मनाची माणसे न्याय्य खर्चदेखील मांडायला घाबरतात. त्यांना मी निःशंकपणे सांगेन, की कायद्याने जी सूट दिली आहे ती घेणे ही करचोरी नव्हे. गायक, गीतकार, संगीतकार यांसारख्या चित्रपट कलावंतांना व आणखी काही ठरावीक व्यवसायांना २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून अशी मुभा मिळाली, की जमा रकमेचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवला तर खर्चाच्या पावत्या जपण्याची गरज नाही. ज्याचा खर्च प्रत्यक्षात निम्म्याहून कमी झाला, त्यानेही ही सवलत निर्मळ मनाने घ्यावी. कॅनव्हासवर काम करणाऱ्या चित्रकाराचे नाव त्या यादीत नाही, म्हणून त्याने जाणकार सल्लागाराला विचारूनच पाऊल उचलावे.

कलावंताची ही अडचण आजची नाही. १४२७ साली फ्लोरेन्स नगरराज्याने ‘कातास्तो’ नावाचा नवा कर बसवला. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपली मालमत्ता, येणे आणि देणे स्वतः लिहून द्यायचे होते. राहते घर व धंद्याची अवजारे करातून वगळली होती आणि घरातील प्रत्येक खाणाऱ्या तोंडामागे ठरावीक वजावट मिळत होती. त्या वर्षी विवरण देणाऱ्यांत मसाच्चो नावाचा पंचविशीतला चित्रकार होता. त्याचे विवरण आजही उपलब्ध आहे. भाड्याच्या घरात आई आणि धाकट्या भावासह राहणे, चित्रशाळेसाठी भाड्याने घेतलेली जागा, आणि लोकांची देणी; वाचताना वाटते की आपल्याच एखाद्या धर्मग्रामातील तरुणाचा कागद आहे. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच तो रोममध्ये निवर्तला.

विशेष असे, की याच मसाच्चोने त्याच सुमारास फ्लोरेन्समधील ब्रान्काच्ची प्रार्थनालयाच्या भिंतीवर कराचेच चित्र रंगवले होते. प्रसंग संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातला आहे. मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राला गाठतात आणि तुमचे गुरुजी कर देत नाहीत काय, असे विचारतात. प्रभू प्रथम पेत्राला समजावतो की राजाच्या पुत्रांना खरे तर कर लागत नाही. तरीही लोकांना अडखळण होऊ नये म्हणून तो भरण्याची व्यवस्था करतो. मसाच्चोने मध्यभागी प्रभू आणि शिष्यांचा घोळका दाखवला आहे, डावीकडे पाण्याशी वाकून माशाच्या तोंडातून नाणे काढणारा पेत्र, आणि उजवीकडे वसूल करणाऱ्याच्या हातावर ते ठेवणारा पेत्र. या कथेतील चमत्काराकडे आपले लक्ष जाते. पण प्रभूने पेत्राला कोठे पाठवले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने त्याला त्याच्याच धंद्याकडे पाठवले. पेत्र कोणाचा नोकर नव्हता, स्वतःच्या होडीचा कोळी होता. कराचे नाणे त्याला त्याच्या गळाला लागलेल्या माशातून मिळाले, आणि ते एक नाणे दोघांच्या करापुरते होते. संत पौलही करिंथमध्ये तंबू बनवण्याचे काम करून पोट भरत होता. आरंभीच्या ख्रिस्तसभेचे हे दोन्ही आधारस्तंभ, आजच्या भाषेत बोलायचे तर, स्वयंरोजगारी होते.

तरीही कर चुकवणे हे पाप आहे काय, या प्रश्नाला ख्रिस्ती नीतिशास्त्राने नेहमीच एकमुखी उत्तर दिलेले नाही. सेमिनरीच्या ग्रंथालयातील नीतिशास्त्राच्या जुन्या लॅटिन पुस्तकांत ‘केवळ दंडात्मक कायदा’ अशी एक कल्पना भेटते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश विद्वानांच्या चर्चेतून ती वाढली. काही कायदे मनाला बांधत नाहीत, पकडले गेल्यास दंड भरावा एवढेच त्यांचे बंधन असते, असे तिचे सार. अनेक लेखकांनी कर आणि जकात यांना या वर्गात बसवले. राजे आपल्या युद्धांसाठी आणि दरबारासाठी रयतेला पिळून काढत होते, त्या काळी या मताने गरिबांच्या मनावरचे ओझे हलके केले असेल, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात लबाडीने न्याय्य कर टाळणाऱ्यांचा निषेध केला, आणि १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने कर भरणे हे नैतिक कर्तव्य म्हणून नोंदवले. कर चुकवणे त्या ग्रंथात सातव्या आज्ञेखाली येते, चोरीच्या आज्ञेखाली. त्याच परिच्छेदात वाईट प्रतीने केलेल्या कामाचाही उल्लेख आहे, हे कलावंतांनी आणि आम्हा प्रवचनकारांनी मुद्दाम पाहावे.

यावर जो आक्षेप हमखास येतो तो असा: रस्त्यात खड्डे, कार्यालयात लाच, मग आमच्या घामाचा पैसा यांना का द्यावा? आक्षेप पोकळ नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही न्यायाने देय असलेली वसुली आणि अन्यायाची लूट यांत भेद केला होता. परंतु पौलाने रोमकरांना ज्याचा कर त्याला देण्याविषयी लिहिले तेव्हा सिंहासनावर नेरो होता. प्रभूने हाती धरून दाखवलेले नाणे परकीय सत्तेचे होते, आणि तेच नाणे द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची एका दिवसाची मजुरी म्हणूनही येते. भ्रष्ट अधिकाऱ्याविरुद्ध आवाज उठवणे हे कर्तव्यच आहे. मात्र आपण कर चुकवल्याने त्याचे काहीच अडत नाही, अडते ते सरकारी रुग्णालयात रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाचे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अमेरिकेत स्वतंत्र व्यावसायिकाला आयकराखेरीज एक स्वयंरोजगार कर भरावा लागतो. निव्वळ कमाई वर्षाला ४०० डॉलर झाली की तो लागू होतो. त्याचा दर १५.३ टक्के असून त्यातील १२.४ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी आणि २.९ टक्के वृद्धांच्या वैद्यकीय सेवेसाठी असतात. नोकरदाराच्या बाबतीत निम्मा भाग मालक भरतो. येथे मालकही आपणच, म्हणून दोन्ही हिस्से आपलेच. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कलावंतांना हा आकडा प्रथम हादरवतो. (या करापुरता तेथील धर्मप्रांतीय धर्मगुरूही स्वयंरोजगारी गणला जातो, म्हणजे चित्रकार आणि फादर एकाच रांगेत!) पण त्या पैशातून भरणाऱ्याच्या नावे वार्धक्याचा हक्क उभा राहतो. आपल्याकडील कलावंताच्या आयकरातून त्याच्या नावावर निवृत्तिवेतनाचा एक रुपयाही जमा होत नाही. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, परंतु त्या मदतीचा भरलेल्या कराशी संबंध नाही. ही उणीव खरी आहे आणि ती मांडत राहिले पाहिजे. तथापि कर ही विम्याची वर्गणी नव्हे. ज्याने आयुष्यभर काहीच भरले नाही अशा शेजाऱ्याचाही त्यात वाटा असतो, आणि ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट खटकण्याचे कारण नाही.

शिवाय हे सारे लपवाछपवीचे ओझे बहुतेकांनी विनाकारणच डोक्यावर घेतलेले असते. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे आयकर शून्य होतो. ४ लाखांच्या वर उत्पन्न असल्यास विवरणपत्र मात्र भरावे लागते. समजा, एका रेखाचित्रकाराला प्रकाशन संस्थांकडून वर्षभरात ६ लाख रुपये शुल्क मिळाले आणि त्यावर १० टक्क्यांप्रमाणे ६० हजार कापले गेले. दीड लाखाचा खर्च वजा जाता त्याचे उत्पन्न साडेचार लाख. त्याला कर काहीच नाही, उलट ते ६० हजार परत मिळायला हवेत. ‘कर तर कापलाच आहे’ असे म्हणून तो विवरणपत्र भरत नाही आणि स्वतःच्याच पैशावर पाणी सोडतो. पुढे घरासाठी कर्ज मागायला जातो तेव्हा बँक मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. पंधरा वर्षे घाम गाळलेला हा माणूस त्या टेबलासमोर बेरोजगार ठरतो.

आणि येथे बोट आपल्याकडेही वळते. या कलावंताला पाकिटाची सवय कोणी लावली? सणाच्या आदल्या दिवशी वेदीची सजावट, नाताळचा गोठा, पुतळ्यांचे रंगकाम, मिरवणुकीतील बँड, गायकवृंदाचा ऑर्गनवादक. ‘देवाचे काम आहे’ म्हणून कमी द्यायचे आणि तेही पाकिटात, पावतीविना. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२८६ वे कलम मालमत्तेच्या व्यवस्थापकांना दोन गोष्टी बजावते: कामगारविषयक नागरी कायदे काटेकोर पाळा आणि न्याय्य वेतन द्या. देवाच्या नावे घेतलेली सूट कलावंत कोणत्या रकान्यात मांडणार? बँकेत ती दाखवता येत नाही.

व्रतस्थांनाही हा धडा नुकताच गिरवावा लागला आहे. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मभगिनी व धर्मगुरूंचा पगार दारिद्र्यव्रतामुळे संस्थेकडे जातो, म्हणून त्यातून आयकर कापू नये, अशी मागणी घेऊन आपल्या संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. व्रत देवापाशी केलेले आहे, पगार शासनाकडून येतो. या निकालाने अनेकांना दुःख झाले. मला तो योग्य वाटतो. धर्मभगिनीच्या पगाराला जो नियम आहे, तोच ऑर्गनवादकाच्या मानधनालाही आहे, हे त्यामुळे निदान स्पष्ट झाले.

धर्मग्रामाच्या अर्थसमितीला यासाठी फार काही करावे लागणार नाही. कामापूर्वी रक्कम ठरवावी आणि ती कागदावर लिहावी. पैसे धनादेशाने किंवा थेट बँक खात्यात द्यावेत. तसेही एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास आयकरात न्यासाचा तो खर्च मान्य होत नाही. ठरावीक मर्यादेपुढे कर कापून तो कलावंताच्या पॅन क्रमांकावर जमा करावा आणि त्याचे प्रमाणपत्र त्याच्या हाती द्यावे. बँडच्या प्रमुखाला बिल लिहिता येत नसेल, तर खजिनदाराने शेजारी बसून ते लिहून घ्यावे. त्या बिलावर ‘मानधन’ हा शब्द खुशाल राहू द्यावा, फक्त त्याच्यापुढे रक्कम पूर्ण आणि खरी असावी.