मिठाचा भाव, पेट्रोलचे मोल

पेट्रोल महाग की स्वस्त, हा प्रश्न वरवर अर्थशास्त्राचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी वस्तूला मोल येते कुठून, हा तत्त्वज्ञानातील जुनाच प्रश्न आहे. बाजारात ठरतो तो ‘भाव’, घेणाऱ्याने प्रत्यक्ष मोजलेले पैसे म्हणजे ‘किंमत’, आणि वस्तू विकली गेली नाही तरी तिच्या अंगी राहणारी योग्यता म्हणजे ‘मूल्य’, असा भेद मराठीत सहज करता येतो. (पेट्रोलवरील ‘मूल्यवर्धित’ कर मूल्य नव्हे, किंमत वाढवतो, ही गोष्ट वेगळी.)

29 मे 2021 रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपये ओलांडले. असा भाव चढला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: दहा रुपयांचा कटिंग चहा ऐंशी मिलिलिटरचा धरला, तर तोही लिटरला सव्वाशे रुपये पडतो, आणि अत्तराचा तर हिशोबच नको. गणित बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र लटका. कारण लिटर हे आकारमानाचे माप आहे, गरजेचे नव्हे. चहा महागला तर एक कप कमी होतो. परंतु मुंबईजवळच्या उत्तनच्या मासेमारी होड्या डिझेलवर समुद्रात जात असल्याने इंधनाचा भाव बोंबलाच्या वाट्यातही उतरतो, आणि ज्याच्या दारी वाहन नाही त्यालाही तो चुकवावाच लागतो.

तुलनाच करायची तर ती भाईंदरच्या खाडीकाठच्या मिठाशी करावी. मिठागरात भरतीचे पाणी बांधाच्या आत घेऊन, उथळ वाफ्यांतून फिरवत, पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत उन्हात आटवले जाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे किलोभर मिठासाठी तीसएक लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि तेवढी उष्णता इंधन जाळून मिळवायची ठरवली, तर दोन लिटर पेट्रोलही पुरणार नाही. दोनशे रुपयांहून अधिक किमतीचे हे काम ऊन फुकट करते, म्हणून मीठ स्वस्त. भावात मोजली जाते ती बांध घालणाऱ्याची, मीठ ओढणाऱ्याची आणि वाहून नेणाऱ्याची मेहनत, आणि तीही पुरेशी मोजली जाते असे नाही.

पेट्रोलही मुळात ऊनच आहे. 1974 साली याच अरबी समुद्रात, ‘मुंबई हाय’ येथे, जे खनिज तेल सापडले, ते सूक्ष्म सागरी जीवांनी साठवलेले, गाळाखाली कोट्यवधी वर्षे दबून राहिलेले ऊन होय. मिठातील ऊन पुढच्या हंगामात परत मिळते, तेलातील मिळत नाही; तरीही दोन्हींच्या भावात उन्हाचा रकाना कोराच असतो. वैदिक परंपरेने या कोऱ्या रकान्याला नाव दिले होते: ‘ऋण’, म्हणजे माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांना जे देणे लागतो ते, आणि जे यज्ञ, अध्ययन व संतती यांनीच फिटते, पैशाने नव्हे. कौटिल्याने देशी मालावर पाच आणि परदेशी मालावर दहा टक्के नफ्याची मर्यादा घातली, तिने व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यातला न्याय साधतो. तिसरा घेणेकरी, म्हणजे ऊन, मात्र या व्यवहारात कुठे उभा नसतो. पंपावरच्या यंत्रावर तर लिटर, दर आणि रक्कम एवढेच आकडे उमटतात.