दुरुस्ती आणि झाकपाक

वाचकहो, वस्तू बिघडली की आपण ती दुरुस्तीला देतो. पण त्या वेळी आपल्याला नेमके काय पूर्ववत करून हवे असते, हे आपण स्वतःला सहसा विचारत नाही. वस्तू, की त्या वस्तूच्या बाबतीत घडलेली आपली चूक पुसून टाकणे? एका मनगटी घड्याळामुळे हा प्रश्न माझ्यापुढे आला. आता तो आपल्यापुढे ठेवतो.

घड्याळ आमच्या अप्पांचे. फेवर-ल्यूबा या स्विस कंपनीचे, १९६०च्या दशकातले, पाणबुड्यांसाठी बनवलेले. अप्पा सोलापूरहून इंदूरच्या गिरणीत नोकरीला आले, आणि मुंबईच्या गोदीतील एका स्नेह्याने ते त्यांना दिले. इंदूरहून समुद्र किती दूर, आणि अप्पांना तर पोहताही येत नव्हते! तरी ते घड्याळ त्यांना जिवापाड प्रिय होते. अप्पा लिंगैक्य झाल्यावर ते थोरल्या अण्णांकडे सोलापूरला जायचे ठरले. तोवर माझ्याकडे ठेव म्हणून होते. ती ठेव मी हातात घालून महेश्वरला गेलो आणि नर्मदेत बुडी मारली.

पाण्यातले घड्याळ, त्याला पाण्याचे काय भय, अशी माझी समजूत. पण पाणी अडते ते कंपनीच्या नावाने नव्हे. मागचे झाकण आणि चावीची खुंटी यांच्याशी एक बारीक रबरी कडी असते, तिच्यामुळे अडते. रबर वर्षागणिक कडक होते, चिरते. ती कडी ठरावीक काळाने बदलावी लागते आणि बदलल्यावर दाब देऊन तपासावे लागते. म्हणून ‘वॉटरप्रूफ’ हा शब्दच आता जाणकार वापरत नाहीत, ‘पाण्याला प्रतिकार करणारे’ इतकेच म्हणतात. तो प्रतिकारही जपला तरच टिकतो.

संध्याकाळी काचेच्या आत धुके दिसले. मी आणखी एक चूक केली. घड्याळ दोन दिवस उन्हात ठेवले. उन्हाने आतल्या पाण्याची वाफ होते, रात्री ती पुन्हा काचेवर आणि पोलादी भागांवर बसते, आणि गंजाला वाट मिळते. वाचकांपैकी कुणावर असा प्रसंग आला, तर घड्याळाला चावी देऊ नये, हलवू नये, त्याच दिवशी कारागिराकडे जाऊन ते उघडून घ्यावे.

राजवाड्यामागच्या गल्लीत एक वृद्ध मराठी घड्याळजी बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण फिरवून काढले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, मशीन वाचेल. सगळे सुटे करून धुवावे लागेल. चावीची दांडी आणि दोन स्क्रू गेले, ते जुन्या मशीनमधून काढून घालीन. केसासारखी स्प्रिंग मात्र वाचली, नशीब तुमचे.”

डायलवर चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग पडला होता. मी म्हणालो, “डायलही रंगवून द्या. अगदी नवा दिसला पाहिजे.” पैसे लागतील तितके देईन, असेही वर म्हणालो.

त्यांनी भिंग काढले. “विकायचे आहे का?”

“नाही, थोरल्या भावाला द्यायचे आहे.”

“मग रंगवायचा कशाला? भावापासून काही लपवायचे आहे?”

मला उत्तर सुचले नाही. वाचकहो, आपल्याला तरी सुचले असते का? रंगवलेल्या डायलच्या जुन्या घड्याळांचा आपल्याकडे मोठा व्यापार आहे. परदेशातील शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. शिवाय त्या काळच्या चमकत्या आकड्यांत पुष्कळदा रेडियम किंवा ट्रिशियम असे. रेडियमची चमक विझली तरी त्याचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षे राहतो. तो रंग खरवडला तर धूळ फुप्फुसात जाते. घरी तर हा उद्योग कुणी करूच नये. घड्याळजींनी हे सारे सांगितले, पण ते शेवटी. आधी त्यांनी विचारले ते भावाचे.

नुलिय चंदय्यांची कथा आपण प्रवचनात ऐकलेली असते. गवत कापून दोर वळणारे हे शरण. दोराला कुणी ठरल्यापेक्षा जास्त मोल देऊ लागला, तर जास्तीचे ते घेत नसत. मी देऊ केलेले जास्तीचे पैसे या घड्याळजींनीही घेतले नाहीत. चंदय्यांचे नाव त्यांनी ऐकले असेल असे मला वाटत नाही. कायक कुठे सापडेल, सांगता येत नाही.

आता कुणी विचारील, गेलेला भाग बदलणे हीसुद्धा लपवाछपवी नव्हे काय? मला तसे वाटत नाही. त्याच गल्लीतून दिसणाऱ्या राजवाड्याचा मागचा भाग १९८४च्या आगीत जळाला आणि २००६-०७मध्ये पुन्हा उभारला गेला. जुने कोणते आणि नवे कोणते, हे इंदूरचा माणूस पाहुण्याला आपणहून दाखवतो. स्क्रू बदलल्याने घड्याळ चालते. डाग रंगवल्याने फक्त मी सुटतो. पहिली दुरुस्ती वस्तूची, दुसरी माझ्या भीतीची, आणि माझी भीती अप्पांच्या घड्याळावर रंगवून घ्यायचा मला काय अधिकार?

पंधरा दिवसांनी घड्याळ मिळाले. नवी कडी, नवी दांडी, डाग तसाच. देताना घड्याळजी म्हणाले, “आतला काही गंज ताजा होता, काही फार जुना. झाकणाच्या आत आधीच्या कारागिराची खूणही कोरलेली आहे. पूर्वी एकदा उघडलेले दिसते.” मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

दिवाळीत सोलापूरला गेलो. घड्याळ अण्णांच्या हाती ठेवले आणि महेश्वरची सगळी हकिगत सांगितली. अण्णांनी चष्मा पुसून डायल बराच वेळ पाहिला. मग हसले.

“अरे, हा चारपाशी दिसतो तो डाग तुझा नाही. मॅट्रिकला असताना अप्पांना न विचारता हे घालून मी विहिरीत उडी मारली होती. टिळक चौकात गुपचूप उघडून पुसून आणले. अप्पांना शेवटपर्यंत सांगितले नाही.”