सगळे आधीच करून झाले आहे का?

‘साउथ पार्क’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या २००२ सालच्या एका भागात बटर्स नावाचा भाबडा, दुखावलेला मुलगा गावावर सूड उगवायला निघतो. सूर्य झाकून गाव अंधारात बुडवायचा बेत तो आखतो, तर कळते की ‘द सिम्पसन्स’ या दुसऱ्या कार्टून मालिकेत हे होऊन गेले आहे. मग तो गावातल्या पुतळ्याचे मुंडके उडवतो. लोक चिडण्याऐवजी खूश होतात, कारण त्यांना त्यात सिम्पसन्सला केलेला मुजरा दिसतो. जे जे सुचावे ते आधीच कोणीतरी करून ठेवलेले. बटर्स वेडापिसा होतो. त्याच भागात दुसरे कथानक आहे: मुलांनी पाण्यात वाढवलेल्या चिमुकल्या जीवांची अख्खी संस्कृती उभी राहते आणि एका मुलाला देव मानू लागते. सिम्पसन्सने तशीच गोष्ट १९९६ मध्ये दाखवली होती. आणि सरतेशेवटी खुलासा होतो, की सिम्पसन्सनेही ती ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या १९६२ सालच्या भागातून घेतलेली.

ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या कर्त्यांनी या भागातून दिलेले उत्तर साधे आहे. सगळे करून झाले आहेच, मग त्याचे एवढे काय? उत्तर खरे आहे, पण मला ते अर्धे वाटते. नव्या कल्पनेवाचून अडत नाही, एवढेच ते सांगते. मग एखादी मालिका पाहताना ‘असे यापूर्वी पाहिले नव्हते’ असे जे आतून वाटते, ते कशामुळे, हे सांगत नाही.

कल्पनेचा मुद्दा लवकर संपण्यासारखा आहे. प्रौढ प्रेक्षकांसाठी संध्याकाळच्या मुख्य वेळेत दाखवलेली पहिली गाजलेली कार्टून मालिका म्हणजे १९६० ची ‘द फ्लिंटस्टोन्स’. तिचा साचा ‘द हनीमूनर्स’ या लोकप्रिय विनोदी मालिकेचा, फक्त माणसे अश्मयुगात नेलेली. म्हणजे ज्या परंपरेत आता नवे काही उरले नाही म्हणून आपण हळहळतो, तिची सुरुवातच उसनवारीने झाली आहे. सिम्पसन्स १९८९ पासून चालू आहे, साडेसातशेहून अधिक भाग झाले आहेत. एवढ्या भागांत माणसाच्या संसारात घडण्यासारखे काय राहिले असेल? आपल्याला याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला ध्रुवाचे आख्यान पाठ असते, तरीही एखादा बुवा ते असे रंगवतो की माणसे जागची हलत नाहीत.

मला खरा प्रश्न वाटतो तो हालचालीचा आणि वेळेचा. अ‍ॅनिमेशनमध्ये फुकट काहीही मिळत नाही. कॅमेऱ्यापुढे नट उभा केला की त्याच्यामागे झाडाची पाने आपोआप हलतात, त्याचा श्वास दिसतो, डोळ्यांची उघडझाप होते. चित्रात पापणीसुद्धा कोणीतरी लववल्याशिवाय लवत नाही. पात्र किती क्षण थांबेल, मान वळवण्याआधी डोळे वळतील की नाही, पाय किती जड पडेल, यातली प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते. आणि ठरवायला वेळ नसला की हात सवयीवर जातो. धक्का बसला की डोळे मोठे, विनोद झाला की अर्धा क्षण थांबून कॅमेऱ्याकडे पाहणे, चालणे एकच, धावणे एकच. अ‍ॅनिमेशनमधली खरी नक्कल इथे होते आणि ती कथानकाच्या नकलेइतकी उघडी पडत नाही. एखाद्या मालिकेची कथा कितीही वेगळी असो, तिची माणसे दुसऱ्या शंभर मालिकांतल्यासारखीच दचकत आणि थांबत असतील, तर ती मालिका जुनीच.

याचे सर्वात बोलके उदाहरण जपानमध्ये आहे. ओसामू तेझुका यांच्या स्टुडिओची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ १ जानेवारी १९६३ रोजी जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, पैसा तुटपुंजा. डिस्नेच्या अभिजात पद्धतीत पडद्यावरच्या एका सेकंदाच्या चोवीस चौकटींसाठी बारा किंवा चोवीस चित्रे काढत. तेझुकांनी एक चित्र तीन चौकटी धरून ठेवले, म्हणजे सेकंदाला आठ, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी. चेहरा स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचे. एकदा काढलेली उड्डाणे साठवून पुन्हा पुन्हा वापरायची. तेझुका स्वतः डिस्नेचे निस्सीम भक्त होते, ‘बांबी’वर त्यांनी चित्रकथाही काढली होती. डिस्नेसारखे करणे परवडत नाही म्हणून त्यांनी जे केले, त्यातून पुढे जपानी अ‍ॅनिमेशनची स्वतःची चाल घडत गेली.

तरी काटकसर म्हणजे मौलिकता नव्हे. स्थिर चित्रे हजारो मालिकांनी वापरली, बहुतेकांनी केवळ पैसे वाचवायला. त्या स्थिरतेला अर्थ देणारा कोणी तरी यावा लागतो. हिदेआकी आन्नो यांच्या ‘निऑन जेनेसिस इव्हेंजेलियन’मध्ये (१९९५–९६) मला तो भेटतो. घटक म्हणून पाहिले तर या मालिकेत उसने नाही असे फारसे काही नाही. महाकाय यंत्रमानव ‘माझिंगर झेड’ आणि ‘गंडम’पासून चालत आलेले, दर भागाला अवतरणारे अक्राळविक्राळ शत्रू ‘अल्ट्रामॅन’कडचे. आन्नो तर तरुणपणी हौशी चित्रपट काढून त्यात अल्ट्रामॅन स्वतः झाले होते, इतके ते या जगात मुरलेले.

पण बाविसाव्या भागात एक लिफ्ट आहे. आसुका आणि रेई या दोन मुली लिफ्टमधून चालल्या आहेत. एकीला दुसरीचा राग, दुसरी मुळातच अबोल. जवळपास मिनिटभर पडद्यावर तेच एक चित्र राहते. लिफ्टची घरघर ऐकू येते, आसुकाची पापणी लवते, बाकी काही नाही. टीव्हीवर एक मिनिट म्हणजे फार मोठा काळ. आपण आधी वाट पाहतो, मग अस्वस्थ होतो, मग आपल्याला त्या दोघींमधल्या अबोल्याचा भार वाटू लागतो. चोविसाव्या भागात बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीवर याहूनही कठोर असा एक स्थिर क्षण येतो, जिथे एका किशोराला आपल्याच मित्राला मारायचे की नाही हे ठरवायचे आहे. चित्र हलत नाही आणि आपणही हलू शकत नाही. मालिकेचे वेळापत्रक तोवर कोलमडत चालले होते, हे लपलेले नाही. शेवटच्या दोन भागांत कच्ची रेखाटने, छायाचित्रे, पडद्यावरच्या अक्षरांच्या पाट्या असे हाती लागेल ते आले. त्या भागांवर प्रेक्षक भडकले. मला ते भाग पुरते जमलेले वाटत नाहीत. लिफ्टचे दृश्य मात्र कोणत्याही चित्रपटकलेत मान उंच करून उभे राहील. तेझुकांनी नाइलाजाने थांबवलेले चित्र आन्नोंनी मुद्दाम थांबवले, आणि त्याचा अर्थच बदलला.

अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण लहान मुलांचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या ब्रिस्बेन शहरात तयार होणारी ‘ब्लूई’ २०१८ मध्ये सुरू झाली. बोलणाऱ्या प्राण्यांचे चौकोनी कुटुंब, सात मिनिटांचे भाग, डोळ्यांसमोर ब्रिटनच्या ‘पेपा पिग’चे यश. जो ब्रम या कर्त्याने हे कधी लपवले नाही. त्यांच्या ‘रेन’ या भागात संवाद जवळपास नाहीत. बाहेर पाऊस, अंगणातल्या वाटेवरून वाहणारे पाणी अडवायचा ब्लूईचा खटाटोप, आणि ओल्या पायांनी घरात येऊ नये म्हणून आईची चाललेली धावाधाव. एवढेच. पण पाणी बोटांमधून कसे निसटते, मूल त्यावर किती वेळ विचार करते, पुन्हा कुठली वस्तू आणायला पळते, हे सगळे कोणीतरी खऱ्या मुलाकडे डोळे लावून पाहिले आहे. पावसाळ्यात ओटीच्या पायरीवर बसून पोरांना पन्हळीखाली खेळताना ज्याने पाहिले, त्याला यातले खरेपण समजावून सांगावे लागणार नाही. हा भाग पेपा पिगची नक्कल आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

माझ्या म्हणण्याला एक सबळ आक्षेप आहे. ‘बोजॅक हॉर्समन’ या मालिकेच्या २०१८ मधल्या ‘फ्री चुरो’ या भागात जवळजवळ काहीच हलत नाही. घोड्याच्या तोंडाचा एक नट आईच्या शवपेटीजवळ उभा राहून वीसेक मिनिटे बोलतो, बस. इथे नवेपणा शब्दांचा आहे, रेषेचा नाही, असे कोणी म्हणेल. मला ते पूर्ण मान्य नाही. हाडामांसाच्या नटाने हे भाषण केले असते तर त्याच्या चेहऱ्यावर दुःखाच्या छटा आपण हुडकल्या असत्या. घोड्याचा तो सपाट, जेमतेम हलणारा चेहरा आपल्याला काही देत नाही आणि म्हणून प्रत्येक शब्द जास्त लागतो. लेखकाने चित्राचे तोकडेपण ओळखून त्यावर भाषण उभे केले आहे. तरी एवढे मान्य करतो, की कधी कधी मौलिकता लिहिणाऱ्याच्या टेबलावरच जन्मते.

मग ती दुर्मीळ का? कल्पना आटल्या म्हणून नव्हे. कारखाना तसा रचला आहे म्हणून. विचार एका देशात, रेखाटन दुसऱ्या देशात, ही वाटणी अमेरिकी टीव्हीने फार पूर्वी पक्की केली. सिम्पसन्सच्या चौकटीही वर्षानुवर्षे दक्षिण कोरियात काढल्या गेल्या. पैसा लावणारा आधी नाव गाजलेले आहे का ते पाहतो, म्हणून जुन्या मालिकांचे पुनरुज्जीवन, खेळण्यांवरच्या मालिका, व्हिडिओ गेमवरच्या मालिका. ‘स्कॅव्हेंजर्स रेन’ (२०२३) या मालिकेत परक्या ग्रहावर अडकलेल्या माणसांची जुनीच गोष्ट होती, पण तिथली झाडे, कीटक, परागकण एकमेकांवर कसे जगतात हे दाखवण्यात तिने जो संयम ठेवला, तसा मी क्वचितच पाहिला आहे. पहिल्याच पर्वानंतर ती बंद झाली. याच सुमारास यंत्राकडून चित्रे काढून घेण्याचे दिवस आले. मार्च २०२५ मध्ये साऱ्या जगाने आपापले फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत रंगवून घेतले. शैली म्हणजे वरचा रंग एवढेच समजले की असे होते. घिबलीचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या पात्रांचे थबकणे, सुस्कारणे, चपला नीट लावून ठेवणे त्या फोटोंत कुठेच नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जवळचा आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, भांडवलदारांना खात्री पटावी म्हणून, वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभर थोडी थोडी टिपली, आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ काढली. हलणाऱ्या आगकाड्या फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच दाखवल्या होत्या. त्याने फाळक्यांचे काम उणे होत नाही. काडी किती सरकवायची आणि कॅमेऱ्याचा दांडा किती फिरवायचा, हे त्यांना स्वतःच्या हातांनी शोधावे लागले. पुढे १९७४ मध्ये विजया मुळे आणि भीमसेन यांनी ‘एक अनेक और एकता’ ही छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म केली, वसंत देसाईंच्या संगीतावर. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट किती शतकांची जुनी! पण मोठी बहीण धाकट्याला समजावते तो सूर, ती सपाट, लोभस चित्रे कुठून आणलेली वाटत नाहीत. दूरदर्शनवर ती पाहिलेल्या पिढीला आजही ती जशीच्या तशी आठवते.

त्यानंतर आपण हात तयार केले आणि निर्णय बाहेर सोपवले. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूरच्या स्टुडिओंत परदेशी मालिकांचे काम येते ते बहुतेकदा स्टोरीबोर्ड आणि पात्रांचे आराखडे ठरूनच. किती थांबायचे हे आधीच लिहिलेले असते. आपल्या मुलांनी कुशल व्हायचे, पण ठरवायचे नाही. २००८ पासूनच्या ‘छोटा भीम’ने देशी नाव, देशी गाव, देशी लाडू आणले, त्याचे श्रेय त्याला द्यावेच. लाडू खाल्ल्यावर येणारी ताकद पॉपायच्या पालकाची आठवण करून देते, त्याचीही मला तक्रार नाही. माझी तक्रार त्या हालचालींबद्दल आहे. भीमच्या ढोलकपूर गावची पोरे आपल्या गावच्या पोरांसारखी बसत, रुसत, उकिडवी होऊन गोट्या खेळत नाहीत.

ठरवू शकणारी माणसे इथे नाहीत असे नाही. मुंबईच्या जे. जे. त शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) हा लघुपट जवळजवळ एकहाती रंगवला. एकटी म्हातारी, तिचे मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांतली दुनिया. कान महोत्सवात तो गौरवला गेला. पुढचा मोठा ‘बॉम्बे रोझ’ यायला २०१९ उजाडले. हे चित्रपट आहेत, मालिका नव्हेत, आणि मला नेमके हेच खुपते. एवढी नजर असलेल्या माणसाला दर आठवड्याला सात मिनिटे द्यायला इथली एकही वाहिनी पुढे आलेली मला दिसत नाही.

मराठीत मुलांसाठी काही करू पाहणाऱ्या निर्मात्यांना माझी विनंती आहे: कथा पंचतंत्रातली घ्या, हवी तर पुन्हा भीमाचीच घ्या, पण पात्र किती वेळ थांबेल हे ठरवायचा अधिकार रेखाटणाऱ्याच्या हाती द्या आणि त्याला त्यासाठी वेळ द्या. आणि घरी मुलांबरोबर कार्टून पाहणाऱ्यांना एवढेच सांगणे, की एखाद दिवशी पाच मिनिटे आवाज बंद करून ते पाहा. पात्रे कशी चालतात, कशी वाट पाहतात, एकमेकांकडे केव्हा बघतात, तेवढेच बघा. मालिका नवी आहे की नाही हे तुमचे तुम्हालाच कळेल.