आमेन आणि गोष्ट यांच्या मध्ये

बसा. हात मांडीवर मोकळे सोडा. शब्बाथशाळेचा आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा. गोष्ट नको, पाठांतराचं वचनही नको. प्रार्थनेचं ‘आमेन’ झालंय आणि गोष्ट अजून सुरू व्हायचीय, तेवढाच मधला वेळ आणा. सतरंजीवर काय चाललंय ते बघा. कुणी शेजारच्याला कोपरानं ढकलतंय, कुणी खिडकीकडे सरकलंय, तीन वर्षांचं एक पोर उठून उभंच राहिलंय. पलीकडे मोठ्यांची भक्ती चालू आहे, म्हणून तुम्ही दबक्या आवाजात ‘शांत बसा’ म्हणताय.

त्या उभ्या पोराकडे थोडा वेळ नुसतं बघत राहा. ते खोडी काढत नाहीये. त्याचं एक काम संपलंय आणि पुढचं त्याला अजून दिसत नाही. असा वेळ मोठी माणसं मनात काही ना काही घोळवत काढतात, लहान मूल तो अंगानं काढतं. ‘शांत बसा’ म्हटल्यावर त्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. हात उंच कर, गिरकी घे, खाली बस, यात मात्र आहे.

या मधल्या वेळी असं कृतीचं गाणं ठेवणं ही मला केवळ वर्ग सांभाळण्याची युक्ती वाटत नाही. पवित्र शास्त्रातली वाटचाल आठवून बघा. गणना 10 मध्ये रानातला तळ हलतो तो चांदीच्या दोन कर्ण्यांच्या नादावर. 2 शमुवेल 6 मध्ये कराराचा कोश दाविदाच्या नगरात आणला जात असतो, तेव्हा राजा अंगातलं सगळं बळ लावून नाचतो. स्तोत्र 120 ते 134 ही 15 आरोहणस्तोत्रं तर यरुशलेमची वाट चढणाऱ्या यात्रेकरूंची गाणी म्हणूनच ओळखली जातात. चालता चालता गाणं आपल्या मातीला काही परकं नाही, वारीची वाट अभंग म्हणतच सरते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायली, ती याच मातीत.

आता मुलांना पाठ असलेलं एखादं गाणं मनात सुरू करा. ‘चला, गाणं म्हणू या’ अशी सूचना नको, सरळ पहिली ओळ धरा. सूर जरा उंच घ्या, मुलांचा गळा आपल्यापेक्षा वरच्या पट्टीत सहज चालतो. पहिल्या कडव्याला उड्या, आभाळाकडे हात. दुसऱ्याला हात खांद्यापर्यंतच. पुढे फक्त बोटं. आवाजही तसाच उतरू द्या.

शेवटच्या कृतीपाशी थांबा. इथे घाई नको. गाणं संपलं तेव्हा हात कुठे आहेत? पुढे गोष्ट असेल तर ते मांडीवर यायला हवेत, चित्र रंगवायचं असेल तर समोर, उघडे. उडीवर संपणारं गाणं कितीही गोड असलं तरी मुलांना उड्या मारतच गोष्टीत आणून सोडतं, मग पहिली पाच मिनिटं त्यांना खाली बसवण्यात जातात. म्हणून गाणं निवडताना आधी त्याचा शेवट बघावा. शेवट जुळत नसेल तर शेवटचं कडवं बसून, हळू म्हणावं.

मोबाइलवर गाणं लावायचा मोह होईल. ते वाजणारं गाणं कुणासाठी थांबत नाही. तुमचा आवाज मात्र सगळ्यात धाकट्या पोराचे हात वर जाईपर्यंत थांबू शकतो. तो थोडा बेसूर असला तरी चालेल.

दर रविवारी नवं गाणंही नको. नवं गाणं शिकण्यातच मुलांचा जीव गुंततो. ओळखीचं गाणं कानावर पडलं की पुढे काय येणार ते त्यांना सांगावं लागत नाही.

आणि ते एक मूल, जे हातच हलवत नाही. त्याच्याकडेही बघा. त्याची नजर तुमच्या बोटांवर आहे. त्याचा हात धरून कृती करून घेऊ नका, सगळ्यांदेखत नावही घेऊ नका. असं मूल पुष्कळदा घरी गेल्यावर आईपुढे अख्खं गाणं करून दाखवतं. मार्क 10 मध्ये येशूनं बालकांना कवेत घेतलं, तेव्हा त्यांच्याकडून आधी काही करून घेतलं नव्हतं. त्या मुलालाही नुसतं आपल्याजवळ बसू द्या आणि पुढची ओळ म्हणा.