खोट्या चिठ्ठीचं घुबड

ब्रूक बाँडनं १९५४ साली ब्रिटनमध्ये चहाच्या पुड्यांत पक्ष्यांची कार्डं टाकली आणि तिथली पोरं ती जमवू लागली. अमेरिकेत 'आर्म अँड हॅमर'च्या खायच्या सोड्याबरोबर अशीच कार्डं यायची. आमच्या अंजनगाव सुर्जीत काडेपेट्या होत्या. सहावीत आम्ही पानटपऱ्यांसमोरून रिकाम्या पेट्या वेचायचो आणि त्यांचे छाप वहीत चिकटवायचो. माझी वही फक्त पक्ष्यांची. मोर, पोपट, गरुड, हंस. घुबड नव्हतं.

घुबड वर्गातल्या एका मित्राकडे होतं. एका मधल्या सुट्टीत मी ते त्याच्या कंपासपेटीतून काढलं. आठवड्यानं त्यानं माझी वही पाहिली. "कुठी भेटलं बे हे?" मी म्हटलं, "मामानं आनलं अकोल्याहून." आपलं हरवलं, असंच त्याला वाटत होतं. पुढं कित्येक महिने त्याचे बाबा अकोल्याला निघाले, की तो त्यांना घुबडाची पेटी आणायला सांगायचा. ते बिचारे रिकाम्या हातानं यायचे.

हे आठवायचं कारण रानपिंगळा. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीनं दिसलंच नव्हतं. रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाकडे मात्र एक नमुना होता. चिठ्ठीवर नोंद होती, मांडवी, गुजरात, १९१४. पुढं पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी दाखवून दिलं, की तो जेम्स डेव्हिडसननं एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला, लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला नमुना होता. जुनं पेंढाकाम उसवून पुन्हा शिवलेलं, चिठ्ठी नवी. ती नोंद बाजूला ठेवून खऱ्या जागी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. नंतर तो मेळघाटातही सापडला, म्हणजे आमच्या घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरांत.

आता प्रश्न असा, की यात मोठा गुन्हा कोणता, चोरी की चिठ्ठी?

मला आधी वाटायचं, चोरी. पण चोरीत एकाची एक वस्तू जाते, आणि ती परत देता येते. खोटी चिठ्ठी जो वाचेल त्याला चुकीच्या वाटेला लावते, आणि लिहिणारा झोपलेला असतानाही काम करत राहते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. डेटा हरवला तर निदान कळतं तरी. चुकीचा डेटा मात्र बरोबर असल्यासारखा पुढं पुढं जात राहतो. शिवाय संग्रह म्हणजे नुसत्या वस्तू नव्हेत. 'हे इथं, असं मिळालं' हा शब्दही त्यात असतो. एक शब्द खोटा निघाला, की बाकीच्यांवरही संशय येतो. माइनर्ट्झहागनच्या खऱ्या नोंदीही आज तपासूनच घ्याव्या लागतात.

तरी चोरीला मी सूट देत नाही. चिठ्ठी खोटी करावी लागली, ती चोरी झाकायलाच.

मागच्या दिवाळीत वही सापडली. घुबडाखाली मी खरं काय ते लिहिलं आणि दोन दिवस हलकं वाटलं. मग लक्षात आलं, ही वही माझ्याशिवाय कुणीच वाचत नाही. चिठ्ठी वहीत नव्हतीच. ती मित्राच्या डोक्यात आहे, आणि त्याच्या बाबांच्या रिकाम्या फेऱ्यांत. तिथली दुरुस्ती पेननं होत नाही.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. 'सोळा वर्षांपूर्वीचं काय उकरतो बे,' असं तो हसून म्हणेलही. पण ते म्हणायचा हक्क त्याचा. त्याच्या वतीनं मी स्वतःला माफ करून टाकणं, ही आणखी एक खोटी चिठ्ठी होईल.