अदृश्य रोध आणि अनुमानाचे प्रामाण्य

जी वस्तू इंद्रियांना कधीच गोचर होणार नाही, तिच्याविषयीच्या निश्चयाला ज्ञान म्हणावे की सोयीची कल्पना, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राने फार बारकाईने हाताळला आहे, आणि विद्युतशास्त्रातील एक साधे गणित त्या प्रश्नाची उत्तम कसोटी ठरते. तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर, म्हणजे धारेला पुढे ढकलणारा विद्युत दाब, व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला वाहून जाणारा विद्युतभार म्हणजे धारा, ती अँपिअरमध्ये मोजतात. विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो, त्याचे एकक ओहम; दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, तिचे एकक वॅट. २३० व्होल्टवर २ अँपिअर धारा घेणाऱ्या शेगडीचा रोध ११५ ओहम आणि शक्ती ४६० वॅट येते. यात डोळ्यांना दिसते ते मापकाचा काटा सरकणे एवढेच. रोध थेट दाखवतो असे वाटणारे उपकरणही आतून धारा सोडून हाच भागाकार करत असते.

न्यायदर्शनाने अशा ज्ञानासाठी अनुमान हे स्वतंत्र प्रमाण मानले. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असा निर्णय करताना धूर हा हेतू असतो, आणि जेथे धूर तेथे अग्नी हा अव्यभिचारी संबंध, म्हणजे व्याप्ती, त्या निर्णयाचा आधार असतो. मात्र डोंगर चढून गेल्यास अग्नी पाहता येतो, रोध पाहण्याची सोय कोठेच नाही. गौतमाच्या सूत्रांत अनुमानाचा जो सामान्यतोदृष्ट नावाचा प्रकार सांगितला आहे, त्याचे उदाहरण वात्स्यायनाने सूर्याच्या गतीचे दिले: गती दिसत नाही, स्थान बदललेले दिसते, आणि स्थानबदल गतीवाचून होत नाही हे इतरत्र ठाऊक असते. रोधाचे ज्ञान याच कोटीतले आहे.

यावर गंभीर आक्षेप असा की, रोध हे दोन आकड्यांच्या भागाकाराला दिलेले नावच असेल, तर ‘अनुमान’ म्हणून नवे काहीच कळत नाही. व्याख्या आणि नियम वेगळे केले म्हणजे या आक्षेपाचे निरसन होते. भागाकार कोणत्याही उपकरणाचा काढता येतो. पण विभवांतर दुप्पट केले की धाराही दुप्पट होते आणि गुणोत्तर तेच राहते, हे गेओर्ग ओहमने १८२७ च्या ग्रंथात मांडलेले विधान निसर्गाविषयीचे आहे आणि ते खोटेही ठरू शकले असते. शिवाय जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास पाण्यात बुडवलेल्या तारेतून धारा सोडली आणि पाणी किती तापते हे तापमापकाने पाहिले, तेव्हा उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात निघाली. ज्या रोधाची ओळख दाब आणि धारा यांवरून पटली होती, तोच उष्णतेच्या निराळ्या वाटेनेही हाती आला. दोन स्वतंत्र हेतू एकाच साध्यापाशी पोहोचतात, तेव्हा त्या साध्याला कल्पना म्हणणे अवघड होते.

तरीही अनुमानाला एक पथ्य आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, ज्याची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईत १८९७ मध्ये निघाली, उपाधीचे विवेचन आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान केले तर ते फसते, कारण धूर निघण्यासाठी ओल्या लाकडाशी संयोग हवा, आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. व्याप्ती ज्या छुप्या अटीवर उभी असते, तिला उपाधी म्हणतात. ओहमच्या नियमाची उपाधी तापमान ही आहे. २३० व्होल्टच्या १०० वॅट दिव्यातील तंतू पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो. तोच तंतू थंड असताना रोध त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी भरतो. थंड तारेवरून पेटत्या तारेचे गणित करणारा माणूस गुणाकारात चुकत नाही, उपाधी न ओळखल्यामुळे चुकतो.

हा विवेक किती मोलाचा आहे, हे लखनौच्या मानकनगर भागातील संस्थेच्या कामातून स्पष्ट होते. भारतीय रेल्वेची संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना तेथे आहे, आणि तिच्या स्थापनेच्या वर्षीच, १९५७ मध्ये, रेल्वेने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती प्रणाली स्वीकारली. मुंबईत १९२५ पासून १५०० व्होल्टची एकदिश प्रणाली होती, आणि लखनौकडे निघालेल्या गाडीला अनेक दशके इगतपुरीपाशी एका व्यवस्थेतून दुसरीत जावे लागे. ५००० किलोवॅट शक्तीसाठी १५०० व्होल्टवर सुमारे ३३३३ अँपिअर धारा लागते, २५,००० व्होल्टवर २०० अँपिअर पुरते. तारेच्या एका किलोमीटरचा रोध ०.१७ ओहम धरला, तर दुसऱ्या व्यवस्थेत ६.८ किलोवॅट शक्ती उष्णता होऊन वाया जाते आणि पहिलीत तेवढ्याच तारेत सुमारे १९०० किलोवॅट, म्हणूनच तेथे जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे घालावी लागली. प्रत्यावर्ती धारेचा साधा गुणाकारही दाब आणि धारा एकाच लयीत चढत-उतरत असतील तरच खरा ठरतो. ही आणखी एक उपाधी.

न दिसणाऱ्या रोधावर विसंबून गाड्या धावतात, यावरून अनुमान हे प्रत्यक्षापेक्षा दुबळे प्रमाण नाही हे सिद्ध होते. पण ते प्रमाण राहते ते आपल्या अटी उघडपणे सांगितल्या तरच. ईश्वर, आत्मा किंवा कर्मफल यांविषयी अनुमानाने बोलणाऱ्या प्रत्येक दर्शनालाही हाच निकष लागू होतो: हेतू कोणता, त्याला दुसऱ्या वाटेने दुजोरा मिळतो का, आणि उपाधी तपासली आहे का. ज्याच्याकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याने अदृश्यावर ठेवलेली श्रद्धा ज्ञानाच्या पदवीला पात्र होते. ज्याच्याकडे नाहीत, त्याने ती पदवी मागू नये.