आडव्या वाटेसाठी

नांदगावच्या सिद्धिविनायका, मुरूडला जाता-येता किती गाड्या तुझ्या दारी थांबतात. आम्हीही थांबलो, दूर्वा वाहिल्या. आता गाडीचं तोंड समुद्राकडून डोंगराकडे वळवलंय. वर सुपेगाव, फणसाडचं अभयारण्य आणि त्यातली खडी-मुरमाची कच्ची वाट. निघण्यापूर्वी एक मागणं राहिलंय, ते ऐक.

ही गाडी घेतली तेव्हा पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि तुझ्याकडे मागितलं, आमच्यातल्या कुणाला काही होऊ देऊ नकोस. तू ऐकलंस. आजवर आम्हाला साधा ओरखडा आला नाही. पण देवा, चाकाखाली येणाऱ्यांसाठी मी कधीच काही मागितलं नाही.

गेल्या वैशाखात याच डोंगराच्या उतारावर उन्हं कलली होती आणि मला घरी पोचायची घाई होती. एका वळणावर चाकाखालून काहीतरी मऊ गेलं. उतरून मागे आलो. धामण होती, चांगली पुरुषभर लांब. तिचं डोकं पलीकडच्या कडेच्या गवतात पोचलं होतं, बाकीचं अंग खडीवर. मी दोन श्वास उशिरा आलो असतो तर ती पार झाली असती. शेपटीचं टोक बराच वेळ हलत राहिलं. काठीनं तिला गवतात सरकवलं आणि गाडीत येऊन बसलो. घरी कुणाला बोललो नाही. आज तुझ्यापुढे बोलतो. मला क्षमा कर.

आम्ही रस्त्यानं उभे जातो, रानातले जीव आडवे जातात. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात: चिखलगाण, फणसाडगाण. वैशाखात ओढे आटले की भेकरं, सांबरं, बिबट्या, सगळ्या रानाची तहान या गाणींवर येते. चरायचं रस्त्याच्या एका अंगाला आणि पाणी दुसऱ्या अंगाला, असं कितीजणांचं असेल. त्यांची वाट आमच्या वाटेच्या आधीची आहे, एवढं माझ्या पायाला, ब्रेकवरच्या या पायाला, लक्षात राहू दे.

हे रान जंजिऱ्याच्या नवाबांनी शिकारीसाठी राखलं होतं. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1986 साली अभयारण्य झालं आणि बंदुकीची भीती कागदोपत्री तरी संपली. पण देवा, मारायचं मनात नसतानाही जीव जातो. गुरांचं दुखणं थांबवायला डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत होते. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. मेलेली गुरं खाऊन देशभरातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. 2006 साली गुरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. फणसाडच्या डोंगरावर आज एखादं गिधाड घिरट्या घालताना दिसलं की मी गाडी थांबवून हात जोडतो. माझी धामणही अशीच गेली, मनात पाप नसताना. म्हणून देवा, नुसतं चांगलं मन मागत नाही. नजर माग काढणारी दे आणि वेग कमी दे.

काही आडव्या वाटा झाडांवरूनही जातात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. शेकरूला उंच झाडांचे शेंडे एकमेकांना लागलेले हवेत. तो फांदीवरून फांदीवर जातो, शक्यतो जमिनीवर उतरत नाही. आता वादळानं पाडलेल्या फटी भरून येऊ देत. वर फांद्यांची कमान आहे तिथं रस्ता रुंद करायचं कुणाच्या मनात येऊ नये.

पण इथं माणसंही राहतात. मोळी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बाया याच खडीवरून अनवाणी चालतात. पावसाळ्यात रात्री कुणाच्या पोटात कळ आली तर गाडी वेळेवर पोचली पाहिजे. रस्ता नको असं म्हणायचा मला अधिकार नाही, माझ्या घराच्या कोपऱ्यावरच दवाखाना आहे. म्हणून विघ्नहर्त्या, तोड तूच काढ: आजाऱ्याला लवकर ने आणि मला, हौसेनं आलेल्याला, सावकाश चालव.

मागच्या सीटवर मुलगी आहे. आज तिला शेकरू दिसला नाही तरी चालेल. गाडी बंद केल्यावर भेकराचं भुंकणं ऐकू आलं तर तिच्या कानावर पडू दे.

निघतो देवा. काचा खाली, टेप बंद, हॉर्न नाही. सुपेगावच्या पुढे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालवीन आणि दिवे लावायच्या आत खाली तुझ्या दारी परत येईन.